अस्तर

भोपळे चौकातून आत वळलं की
दोन चष्मेवाले, एक बंद छापखाना, आणि त्यांच्या मधे
वडिलांचं दुकान. आता माझं.
पदकं ओळीनं बांधून देते पितळी पट्टीवर,
फितींना इस्त्री करून, मागून पुठ्ठा घालून.
शौर्याचं आधी, छातीच्या मध्याकडे.
मग जखमेचं, मग बर्फातलं, मग लांब नोकरीचं.
वर्धापनदिनाची अगदी शेवटी, दंडाकडे,
हात हलला की नुसती किणकिणतात.

"तारखेची पदकं," येळवंडे सुभेदार म्हणतात,
"त्या दिवशी हजेरीपटावर नाव होतं, एवढंच कर्तृत्व."
सुवर्णमहोत्सवाचं त्यांच्या पलटणीत
नऊ दिवसांच्या रंगरुटालाही मिळालं,
ज्याला अजून डावा-उजवा पाय कळत नव्हता.
सुभेदार एकतीस जुलैला निवृत्त झाले.
अठ्ठावीस वर्षं. पंधरा दिवस कमी.
हे ते सांगत नाहीत. दुकानात सगळ्यांना माहीत आहे.

आज बाकावर लोणकर.
देहूरोडच्या डेपोत स्टोअरकीपर होते. सिव्हिलियन,
म्हणजे आगीच्या दिवशी हेल्मेट नसलेला माणूस.
उजव्या हाताला तीन बोटं, चहाचा कप मात्र त्यांत नीट बसतो.
सहज विचारावं तसं विचारलं त्यांनी,
"ताई, डब्यात जादाची असतील ना?
नातवाच्या शाळेत बोलावलंय. एखादं लावून दिलं असतं तर."

"कागद आहे?" सुभेदारांनी पेपर खाली ठेवला.
"कागद नाही."
"मग पदक नाही. उद्या बँडवालेही लावतील."
"बँडवाले आत्ताच लावतात की," साळवे सिस्टर म्हणाल्या,
"तुमच्यापेक्षा चकचकीत.
आणि खडकीत, चाकाच्या खुर्चीतल्या पोरांना
रात्री दर दोन तासांनी कूस बदलून द्यायचे मी,
अठरा वर्षं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून.
त्याची फीत कुठल्या रंगाची, तेवढं सांगा."

"सिस्टर, वर्दीतला माणूस मरायच्या कागदावर सही करतो.
बाकीचे पगाराच्या."

लोणकरांनी कप ठेवला.
"सही मी डाव्या हातानं करतो, साहेब,"
एवढंच म्हणाले.

बाहेर कोणीतरी रिक्षावाल्याशी भांडत होतं.
आम्ही सगळे बराच वेळ तेच ऐकत बसलो.

सुभेदार ब्लेझर ठेवून गेले. रविवारी पलटणीचं स्नेहसंमेलन,
काखेत अस्तर सुटलंय.
शटर अर्धं ओढून उसवायला घेतलं
तर डाव्या खिशामागे काही कडक लागलं.
वरून हातशिलाई. दर पाचव्या टाक्याला बारीक गाठ.
नजर गेली तेव्हा बोटांनी मोजता यावं म्हणून
वडील अशी गाठ मारायचे. दुसरं कोणी नाही मारत.

आत सुवर्णमहोत्सवाचं पदक. आमच्याच डब्यातलं.
छातीवरच्या फिती उन्हानं विटल्यात,
हिचे रंग कालच विणल्यासारखे.

वडील कर्नललासुद्धा कागद मागायचे.
सुभेदारांना मागितला होता का?
मागून, नाही म्हटल्यावर, सुई ओवली का?
की दोघं काहीच बोलले नाहीत,
आणि एकानं फक्त कोट काढून दिला?

होतं तसं ठेवलं. शिवलं.
पाचव्या टाक्याची गाठ मला जमली नाही,
आठव्याला पडली.
पावतीवर लिहिलं: अस्तर दुरुस्ती, साठ रुपये.

मग लोणकरांना फोन लावला.
"बाहेरून लावून मिळणार नाही. नियम आहे."
"हो ताई, बरोबर आहे."
"पण शाळेत घालणार तो कोट घेऊन या.
अस्तर उसवलेलं असेल तर बघते."
"उसवलेलं नाहीये. नवाच शिवलाय दिवाळीत."
"मग उसवा," मी म्हटलं.